कोकणात चालवायला विजेची माउंटन सायकल: नावाची घ्यावी की बिननावाची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मे महिन्यात चाकरमानी आले की, आणि पुन्हा गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस, माझा फोन थांबत नाही. दापोलीकडे माझं सायकल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गेली चार वर्षं विजेच्या सायकलीही खोलतो. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी कुठल्या कंपनीचा एजंट नाही. उत्तरं रेवस ते रेडी या पट्ट्यापुरती आहेत. पुण्याच्या सपाट रस्त्यावर यातलं निम्मं लागू होणार नाही.

१. विजेची माउंटन सायकल म्हणजे स्कूटरच ना? पायडल मारावं लागतं का?

मारावं लागतं, आणि मारावंच. पायडल फिरलं की मोटर मदतीला येते, थांबलं की थांबते. ही पद्धत यामाहानं १९९३ साली जपानात बाजारात आणली, त्यामुळे कल्पना फार नवी नाही. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना वर थ्रॉटलही असतो, म्हणजे मूठ पिळली की पायडलशिवाय पळते. सावंतवाडीच्या स्टँडवर एका आजोबांनी मला विचारलं होतं, "ह्येच्यात पेट्रोल खंय घालतंस?" त्यांना थ्रॉटल दाखवला तेव्हा पटलं.

"माउंटन" म्हणजे गुट्ट्यांचे रुंद टायर, पुढच्या चिमट्याला (फोर्कला) सस्पेन्शन, डिस्क ब्रेक आणि चढाला उपयोगी पडणारे हलके गियर. फक्त पुढे सस्पेन्शन असेल तर हार्डटेल, मागेही असेल तर फुल सस्पेन्शन.

२. लायसन्स, पासिंग, विमा लागतो का?

मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ती मोटार वाहन ठरत नाही. मग लायसन्स नको, नंबर प्लेट नको, विम्याची सक्तीही नाही. पायडल असिस्टवाल्या सायकलीला पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. हेल्मेट कायद्यासाठी नव्हे, डोक्यासाठी घाला.

हे २५० वॉट म्हणजे मोटर अर्धा तास सलग देऊ शकते ती ताकद. क्षणभर ती जास्त देऊ शकते. म्हणून दोन "२५० वॉट" सायकली चढावर सारख्या वागत नाहीत (प्रश्न ६). वेगाचं कुलूप काढण्याबद्दल प्रश्न १५ पाहा.

३. आमच्याकडे डोंगर नाही, फक्त रस्ता वाईट आहे. तरी माउंटनच घ्यावी का?

बहुतेकांना रुंद टायरची साधी हायब्रिड, म्हणजे रस्त्याची आणि माउंटन यांच्या मधली सायकल, पुरते. वाडीतून बाजारात, बाजारातून शाळेवर, एवढंच असेल तर सस्पेन्शनचे पैसे बॅटरीत घाला. पण रोजची वाट चिरेखाणीच्या रस्त्यानं, सड्यावरच्या (डोंगरमाथ्याच्या पठारावरच्या) उघड्या कातळावरून किंवा पाणंदीतून जात असेल, तर माउंटन कामाची. जांभ्याचा खडबडीत कातळ अरुंद टायरची कड कापतो आणि मनगटं दुखवतो. २७.५ इंची चाक आणि दोन इंचांपेक्षा थोडा रुंद टायर आपल्याकडे सगळ्यात सोयीचा, ट्यूबही मिळते.

फुल सस्पेन्शन मात्र स्वस्तात घेऊ नका. मागच्या सांध्यांतली बेअरिंगं आणि बुशिंगं खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत कुरकुरायला लागतात, आणि स्वस्त शॉकला सुटे भाग नसतात.

४. नावाजलेल्या कंपन्या कोणत्या आणि कमी ऐकलेल्या कोणत्या?

ढोबळमानानं तीन थर धरा.

वरचा थर परदेशी: अमेरिकेच्या ट्रेक आणि स्पेशलाइज्ड, तैवानची जायंट. या मुळात माउंटन सायकलीतल्या जुन्या कंपन्या. स्पेशलाइज्डनं १९८१ साली स्टम्पजंपर काढली, ती मोठ्या संख्येनं कारखान्यात बनलेली पहिली माउंटन सायकल मानतात. यांच्या विजेच्या सायकलींत बॉश, शिमानो, यामाहा, ब्रोझ अशा मोटरी असतात आणि किंमत लाखांत जाते.

मधला थर भारतीय: लुधियानाच्या हिरो सायकल्सची हिरो लेक्ट्रो, त्याच घराण्यात गेलेली फायरफॉक्स, टाटा समूहातली स्ट्रायडर, आणि २०२० साली पुण्यात सुरू झालेली ई-मोटोरॅड. या शेवटच्या कंपनीत महेंद्रसिंग धोनीनं पैसे गुंतवले, तेव्हापासून गिऱ्हाईक मला मॉडेलचं नाव न सांगता "धोनीवाली" एवढंच सांगतं. तीस हजारांच्या आसपासपासून पुढे या थरात बरंच काही मिळतं.

खालचा थर म्हणजे बिननावाच्या. खरं तर नाव असतं, पण ते फक्त फ्रेमवर चिकटवलेलं. चीनमधल्या एखाद्या कारखान्यातून तयार फ्रेम, दुसरीकडून मोटर, तिसरीकडून कंट्रोलर (मोटरला किती वीज सोडायची ते ठरवणारा डबा), इथे जोडणी आणि वर स्टिकर. हे ऐकून नाक मुरडू नका. मधल्या थरातल्या सायकलींतही बरेच भाग तिकडूनच येतात. बाफांग ही सूझौची मोटर कंपनी जगभरच्या कितीतरी स्टिकरांखाली सापडते.

तेव्हा स्टिकर वाचून सायकल कळत नाही. तिच्या पोटात काय आहे आणि ते बिघडल्यावर कोण देणार, एवढंच विचारायचं. ते पुढच्या प्रश्नात.

५. इंटरनेटवर एका अनोळखी कंपनीची सायकल निम्म्या किमतीत दिसतेय. फसवणूक आहे की खरंच स्वस्त, कसं ओळखू?

आधी माझी गोष्ट. माझी स्वतःची पहिली विजेची सायकल चांगल्या नावाच्या कंपनीची होती. जुलैत तिच्या डिस्प्लेत आतून वाफ धरली आणि दोन दिवसांत तो मेला. डिस्प्ले त्यांचा खास, प्लग खास, दुसरा कुठलाही लागत नव्हता. नवीन यायला सात आठवडे लागले, तोवर गणपती येऊन गेले. त्याच पावसात शेजारच्या पोराच्या बिननावाच्या सायकलीचाही डिस्प्ले गेला. त्याचा कंट्रोलर बाजारात सर्रास मिळणाऱ्यांपैकी होता, म्हणून त्याला चालणारा डिस्प्लेही सहज मिळाला. तिसऱ्या दिवशी कुरिअर आलं, अर्ध्या तासात बसवला, आणि पोरगं माझ्या दुकानासमोरून घंटी वाजवत गेलं.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला सायकल घेण्याआधी विक्रेत्याकडून एवढं मागून घ्यायला सांगतो:

कंट्रोलरवरच्या लेबलचा फोटो. त्यावर व्होल्ट, अँपिअर आणि बनवणाऱ्याचं नाव असतं. फोटो द्यायला टाळाटाळ केली तर समजा की त्यालाही माहीत नाही.

बॅटरी, चार्जर, कंट्रोलर आणि डिस्प्ले या चौघांच्या सुट्या किमती, लेखी. बॅटरीची किंमत सांगता येत नसेल तर सौदा तिथेच सोडा. बॅटरी हा सायकलीतला सगळ्यात महाग आणि हमखास संपणारा भाग. तो मिळणार नसेल तर तुम्ही तीन-चार वर्षं चालणारी सायकल घेताय, दहा वर्षांची नाही.

बॅटरीतले सेल कुणाचे. इथे मात्र नाव बघायचंच. सॅमसंग, एलजी, पॅनासोनिक असे सेल असतील तर कंपनी ते अभिमानानं लिहिते. नुसतं "ए ग्रेड सेल" लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही.

एक जादा हँगर. मागचा गियर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो तो हँगर. सायकल आडवी पडली की तोच वाकतो, आणि प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा. काहीशे रुपयांचा तुकडा, पण तो नसेल तर गियरचं काम अडून बसतं. सायकलीबरोबरच मागून ठेवा.

आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि माल कुठल्या देशातला, हे खोक्यावर असणं कायद्यानं बंधनकारक आहे. नसेल तर पुढचं विचारूच नका.

शेवटची परीक्षा सगळ्यात स्वस्त. पैसे भरण्याआधी कामाच्या दिवशी सकाळी अकराला सर्व्हिसच्या नंबरवर फोन लावा, विक्रीच्या नव्हे. किती वेळात कुणी उचलला, ते बघा. आणि रिव्ह्यू वाचायचे तर खोकं उघडतानाचे नकोत, एक पावसाळा काढलेल्या माणसाचे शोधा.

६. हब मोटर घ्यावी की मिड मोटर? दोन्हीवर २५० वॉटच लिहिलंय.

हब मोटर मागच्या चाकात बसते, मिड मोटर पायडलच्या जागी. फरक चढावर कळतो. मिड मोटरची ताकद चेनमधून, गियरमधून जाते. हलका गियर टाकला की मोटरलाही हलकं होतं. बॉशची परफॉर्मन्स लाइन सीएक्स किंवा शिमानोची ईपी८ यांचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ८५ न्यूटन-मीटर आहे, आणि गियरमुळे चढावर तो चाकाशी आणखी वाढतो. हब मोटरला गियर मदत करत नाहीत. खडा चढ लागून वेग सात-आठ किलोमीटरवर आला की तिच्यात जाणाऱ्या विजेचा मोठा भाग नुसत्या उष्णतेत जातो, मोटर तापते आणि नेमकी गरज असते तेव्हा दम सोडते.

मग मिडच घ्या, असं सांगू? नाही. मिड मोटर चेन आणि मागची चक्रं भराभर खाते, ती बिघडली की गावात कुणीही उघडू शकत नाही, अख्खी मोटर कंपनीकडे जाते. हब मोटरमध्ये आतले नायलॉनचे दातेरी चाक झिजले तर ते बदलता येतं, आणि मोटर पूर्ण मेली तरी सायकल साधी सायकल म्हणून घरी येते. आंबोली, कुंभार्ली, आंबा असे घाट दर आठवड्याला चढणार असाल आणि खिसा मोठा असेल तर मिड. वाडी ते बाजार, अधूनमधून सड्यावर, तर हब.

याहून महत्त्वाचा, पण कुणी न विचारणारा भाग म्हणजे सेन्सर. स्वस्त सायकलींत पायडल फिरतंय की नाही एवढंच ओळखणारा कॅडन्स सेन्सर असतो. तो मोटर एकदम चालू किंवा एकदम बंद करतो. पाय किती जोर लावतोय ते मोजणारा टॉर्क सेन्सर मदत हळूहळू वाढवतो. शेवाळलेल्या पाखाडीच्या कडेनं हळू जाताना कॅडन्स सेन्सरनं अचानक ढकललं की मागचं चाक घसरतं. माझ्या गुडघ्यावर त्याची खूण आहे. टॉर्क सेन्सर मिळत असेल तर तीन-चार हजार जास्त द्या. आणि ब्रेक दाबला की मोटर तोडणारा स्विच दोन्ही ब्रेकना आहे का, दुकानातच तपासा.

७. कंपनी ८० किलोमीटर रेंज म्हणते. आमच्याकडे किती मिळेल?

कंपनीचा आकडा सपाट रस्ता, हलका माणूस आणि सगळ्यात कमी मदत यावर काढलेला असतो. आपला रस्ता खाडीच्या साकवावरून सड्यावर, सड्यावरून पुन्हा खाडीत. तेव्हा किलोमीटर विसरा, चढ मोजा.

बॅटरीचे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-तास म्हणजे साधारण २८०. ३६ व्होल्ट, १०.४ म्हणजे ३७४. आता माणूस, सायकल आणि पिशवी मिळून ११० किलो धरले तर १०० मीटर उंची चढायला निव्वळ ३० वॉट-तास लागतात. मोटरमध्ये जाणारा अपव्यय धरून ४०. म्हणजे २८०च्या बॅटरीत, पाय अजिबात न लावता, शंभर-शंभर मीटरचे सातच चढ, आणि सपाटीवरचा खर्च त्यात धरलेला नाही. निम्मं काम पायांनी केलंत तर दुप्पट.

सावंतवाडीहून आंबोली सुमारे तीस किलोमीटर आणि पावणेसहाशे मीटर चढ. या हिशोबानं नुसत्या मोटरवर चढालाच २३० वॉट-तास जातात. छोट्या बॅटरीची सायकल थ्रॉटल पिळत नेली तर धुक्यात कुठेतरी उभी राहील. पायडल मारत नेली तर पोहोचेल, आणि वर गरम चहा आहेच.

८. ब्रेक, गियर, फोर्क यात काय बघायचं?

उतार लक्षात ठेवा. चढताना मोटरनं दिलेली सगळी शक्ती उतरताना ब्रेकना खायची असते, आणि सायकल बावीस-पंचवीस किलोची आहे. डिस्कचा व्यास पुढे तरी १८० मिलिमीटर असावा, १६०ची डिस्क लांब घाटात तापून कर्कश ओरडते. केबलचे ब्रेक खाऱ्या हवेत गंजून जड होतात, पण केबल शंभर रुपयांत कुणीही बदलतो. तेलाचे हायड्रॉलिक ब्रेक दोन बोटांत थांबवतात, पण हवा शिरली तर ती काढणारा हात हवा. माझा कौल हायड्रॉलिकला, तोही मिनरल तेलावर चालणाऱ्या, उदाहरणार्थ शिमानोच्या. काही ब्रेकांतलं डॉट तेल हवेतला ओलावा शोषतं, आणि ओलाव्याची आपल्याकडे कमी नाही.

मागचे गियर सात असले तरी पुरे. मागचं सगळ्यात मोठं चक्र किती दात्यांचं, ते विचारा. २८ दात्यांपेक्षा ३४ चढाला खूप बरं. फोर्कवर लॉकआऊट (सस्पेन्शन तात्पुरतं बंद करायची सोय) असेल तर छान, नसेल तर अडत नाही.

९. पावसाळ्यात चालवता येते का? दुकानदार "वॉटरप्रूफ" म्हणतो.

चालवता येते. मी चालवतो. पण "वॉटरप्रूफ" या शब्दावर नाही, आयपी आकड्यावर बोला. दोन आकड्यांतला पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपीएक्स४ म्हणजे उडणाऱ्या शिंतोड्यांपुरतं. आयपी ६५ म्हणजे पाण्याची धार चालेल. आयपी ६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. आणि आकडा कशाचा, ते विचारा. मोटर ६५ असते पण डिस्प्ले शिंतोड्यांपुरता, आणि जाहिरातीत मोटरचाच आकडा छापतात.

यात एक मेख आहे. या परीक्षा गोड्या पाण्यात, नव्या कोऱ्या वस्तूवर होतात. चढ चढून तापलेली हब मोटर थंड व्हाळात बुडाली की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. २७.५ इंची चाकाचा आस जमिनीपासून एक फुटाहून थोडा वर असतो. व्हाळाचं पाणी त्याच्या जवळ येत असेल तर उतरा, पाच मिनिटं थांबा आणि सायकल उचलून न्या. बॅटरी आधी काढून पाठीवर.

पावसाळ्याआधी, आगोटीची बाकी कामं चालू असतात तेव्हाच हेही करून टाका: प्रत्येक प्लग उघडून कोरडा करून सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. मोटरची वायर आसात शिरण्याआधी खाली झोका घेऊन वर जाते ना, ते बघा. म्हणजे पाणी झोक्यावरून गळून पडतं, आत जात नाही. सीटचा दांडा काढून ग्रीस लावून पुन्हा घाला, नाहीतर तो फ्रेममध्ये असा धरतो की हातोडीनंही निघत नाही. सायकल पडवीत ठेवा, पागोळ्यांखाली नको.

प्रेशर गननं धुऊ नका. चेनला खोबरेल तेल नको, पहिल्या सरीत धुऊन जातं आणि उन्हात धूळ धरतं. ओल्या हवेसाठीचं चेन तेल मिळतं, तेच वापरा.

१०. पुळणीवरून चालवायची म्हणून चार इंची फॅट टायर घेतोय. बरोबर ना?

फोटोसाठी बरोबर. मऊ वाळूत फॅट टायर तरंगतो हे खरं, पण सायकल जड होते, बॅटरी लवकर संपते, आणि चार इंची ट्यूब आपल्या तालुक्याच्या गावात मिळत नाही. मुख्य म्हणजे टायर कितीही रुंद असला तरी खारं पाणी आणि वाळू चेनवर, डिस्कवर, बेअरिंगात जाणारच. गेलातच तर घरी येऊन लगेच गोड्या पाण्यानं, बादली आणि फडक्यानं धुवा, पुसा, चेनला तेल द्या. "उद्या धुतो" म्हणालात की दुसऱ्या दिवशी डिस्कचे बोल्ट तांबूस दिसतील.

११. लाईट सारखी जाते. चार्जिंगचं काय? बिल किती येईल?

३७४ वॉट-तासाची बॅटरी भरायला अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज लागते. बिलाची काळजी सोडा. नेहमीचा दोन अँपिअरचा चार्जर ८४ वॉटचा असतो, पाचेक तासांत भरतो आणि घरच्या इन्व्हर्टरवरही चालतो. निसर्ग वादळानंतर ज्यांच्याकडे आठवडेच्या आठवडे अंधार होता ते विचारतात, म्हणून सांगतो: सायकल तेव्हाही चालेल, फक्त पायांनी. म्हणूनच वजन बघून घ्या.

लाईट परत येताना व्होल्टेज उसळतं, त्यात चार्जर जातो. लाईट गेली की प्लग काढा, परत आल्यावर पाच मिनिटांनी लावा. बॅटरी भिजलेली असेल किंवा नुकतीच घाट चढून गरम झाली असेल तर लावू नका. रात्रभर, दाराजवळ, लाकडी माळ्याखाली चार्जिंग नको. पडून वाकलेली किंवा फुगलेली बॅटरी "बघू चालतेय का" म्हणून लावायची नाही.

१२. आम्ही मुंबईला असतो. सायकल गावी ठेवून गणपतीत आणि मे महिन्यात वापरायची आहे. चालेल?

सायकल चालेल, बॅटरी रुसेल. लिथियमची बॅटरी पूर्ण भरून उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवली की न वापरताच म्हातारी होते. पूर्ण रिकामी ठेवली तर उरलीसुरली वीज आतलं सर्किटच हळूहळू पितं आणि पुढे ती चार्ज घ्यायचंच नाकारते. दर मे महिन्यात अशा दोन-तीन बॅटऱ्या माझ्याकडे येतात. मालक म्हणतो, "वापरलीच नाही हो!" तेच तर झालं.

निघताना बॅटरी निम्म्याच्या थोडी वर ठेवा (३६ व्होल्टच्या बॅटरीला मल्टिमीटरवर ३७-३८ व्होल्ट), सायकलीतून काढा, घरातल्या गार कोरड्या खोलीत ठेवा. शेजाऱ्यांना दोन-तीन महिन्यांनी तासभर चार्ज करायला सांगा. त्याहून सोपं म्हणजे बॅटरी बरोबर मुंबईला न्या. मात्र विमानानं नाही, का ते प्रश्न १६ मध्ये.

१३. जवळचं सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला आहे. तरी घ्यावी का?

सायकलीतली बहुतेक दुखणी, म्हणजे पंक्चर, ब्रेक, गियर, चाकाची बाक, ही साध्या सायकलवाल्याचीच कामं. त्यासाठी सेंटर लागत नाही. फक्त मागच्या हब मोटरच्या चाकाला १८ किंवा १९चा पाना लागतो आणि वायर पिळायची नाही, हे पंक्चरवाल्याला आधी सांगा. चाक न काढता ट्यूब बाजूनं ओढून पॅच मारता येतो.

विजेच्या भागांसाठी मात्र कंपनीला विचारा: भाग कुरिअरनं घरी पाठवता का, की सायकलच आणायची? घरी पाठवत असतील तर कोल्हापूर काय, लुधियाना असलं तरी अडत नाही. "सायकल घेऊन या" म्हणत असतील तर तुम्ही टेम्पोच्या भाड्यासकट किंमत धरा.

१४. कंपनीच बंद पडली तर? म्हणून मोठ्या नावाचीच घ्यावी असं घरचे म्हणतात.

घरच्यांचं अर्धं बरोबर. पण मोठं नावही बुडतं. ॲमस्टरडॅमच्या व्हॅनमूफचा केवढा बोलबाला होता. जुलै २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयानं ती दिवाळखोर ठरवली. त्या सायकली मोबाईल ॲपवर चालू-बंद व्हायच्या आणि भाग सगळे स्वतःचे खास, त्यामुळे मालक हवालदिल झाले. पुढे दुसऱ्या कंपनीनं ती विकत घेतली, ही त्यांची नशिबाची गोष्ट.

म्हणून ॲपशिवाय सुरू न होणारी सायकल मी घेऊ देत नाही. चावी किंवा बटण हवं. बॅटरी फ्रेमच्या पोटात कायमची बंद असेल तर तिच्या जागी दुसरी बसवणं कठीण. खालच्या दांडीवर बाहेरून बसणारी, सर्रास मिळणाऱ्या खोक्यातली बॅटरी दिसायला ओबडधोबड, पण कंपनी गेली तरी तिला जोड मिळते. बाकी तपासणी प्रश्न ५ प्रमाणेच.

१५. कंट्रोलरचं लॉक काढून ताशी ४० ने पळते म्हणे. करून द्याल का?

नाही. २५च्या वर मोटर ढकलू लागली की प्रश्न २ मधली सूट गेली, आणि तुम्ही बिनपासिंगचं, बिनविम्याचं मोटार वाहन चालवताय. कुणाला धडकलात तर भरपाई घरातून. शिवाय ते ब्रेक आणि तो फोर्क ४०साठी बनवलेलेच नाहीत. वॉरंटी जाते ती वेगळीच.

१६. भाऊ बोटीवर आहे, अमेरिकेतून भारी सायकल आणू म्हणतो. चालेल?

दोन अडचणी. विमानात प्रवाशाला बरोबर नेता येणाऱ्या लिथियम बॅटरीची मर्यादा १०० वॉट-तास, विमान कंपनीच्या परवानगीनं १६०. विजेच्या माउंटन सायकलीची बॅटरी सहज ५००-६००ची असते. म्हणजे सायकल येईल, बॅटरी विमानतळावरच राहील. दुसरी अडचण: अमेरिकेत ७५० वॉटपर्यंतची मोटर सायकल म्हणून चालते. इथे ती २५०च्या वर गेली की मोटार वाहन, आणि असलं एकटंदुकटं मॉडेल पासिंग होणं जवळजवळ अशक्य. भावाला चांगलं हेल्मेट आणि दिवे आणायला सांगा.

१७. सेकंडहॅन्ड बघतोय. बॅटरी कशी तपासू?

आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगा. ३६ व्होल्टची बॅटरी भरल्यावर मल्टिमीटरवर ४२च्या आसपास दिसायला हवी. मग स्वतः चढावर न्या. चढ लागताच डिस्प्लेवरच्या दोन काड्या गळून सपाटीला परत येत असतील तर सेल थकलेत, नवीन बॅटरीची किंमत वजा करूनच बोला. बॅटरी कधी उघडलेली आहे का, तेही बघा. जुन्या सेलांत चार नवे मिसळून डाग दिलेली बॅटरी मी दुकानात ठेवूनही घेत नाही. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीवर आहे.

१८. वॉरंटीत असून "पाणी गेलंय" म्हणून नाकारली. आता?

हे वाक्य कोकणात सगळ्यात जास्त ऐकू येतं. जाहिरातीत सायकल पावसात पळताना दाखवली असेल किंवा आयपी आकडा छापला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट हाच तुमचा पुरावा. म्हणून तो घेतानाच काढून ठेवा, नंतर ते पान बदलतं. तक्रार फोनवर नको, मेलवर करा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. बिननावाच्या सायकलीलाही हे लागू, फक्त बिल पक्कं हवं. बिलाशिवाय पाच टक्के सूट देणारा तुम्हाला नेमका हा हक्क विकायला लावतोय.

१९. जंगलजेट्टीतून (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीतून) आणि तरीतून नेता येते का?

दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला, दिघी-आगरदांडा अशा फेरीबोटींवर गाड्यांबरोबर सायकल आरामात जाते. कठड्यापासून थोडी आत, स्टँडवर नको, टेकवून उभी करा. लहान तरीत ती काठावरून उचलावी लागते, तेव्हा बॅटरी काढून पाठीवरच्या पिशवीत घाला: दोन-तीन किलो कमी होतात आणि सायकल निसटून खाडीत गेलीच तर सगळ्यात महाग भाग तुमच्याकडे राहतो. खारे तुषार उडाले असतील तर पलीकडे उतरल्यावर बॅटरीच्या खाचेतल्या पितळी पट्ट्या कोरड्या फडक्यानं पुसून मगच ती बसवा.